वाऱ्याकडे पाठ

तंबू शिवणाऱ्या काकांना अख्खा बाजार 'वॉटरप्रूफ काका' म्हणायचा. समोर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मनातून खूशच होते. त्यांच्या तंबूत पाणी शिरत नसे आणि डोक्यात दुसऱ्याचं म्हणणं शिरत नसे. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं त्यांचं दुकान. पुढच्या खोलीत जाड सुईची दोन मशीनं, मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे, आणि त्यापलीकडे फरशीचं अंगण. बत्तीस वर्षांत काकांनी किती तंबू शिवले ते त्यांनाही सांगता येत नसे, पण एकही गळला नाही हे ते न विचारता सांगत. शिवण दुहेरी, तिच्यावर मेणाचा हात, वरून पट्टी. हवेलासुद्धा आत यायचं तर आमची परवानगी लागते, असं ते गिऱ्हाइकाला अभिमानाने ऐकवत. यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही, कारण गिऱ्हाईक पावसाळ्यात डोंगरात जाणारं असायचं.

प्रत्येक नव्या नमुन्याची परीक्षा व्हायचीच. अंगणात तंबू उभारायचा, काकांनी वर्तमानपत्र घेऊन आत मांडी ठोकायची आणि काकूंनी बाहेरून वीस बादल्या ओतायच्या. वीस म्हणजे वीस, एकोणीस चालत नसत. कागदावर एक थेंब दिसला की शिवण उसवून पुन्हा पहिल्यापासून. काकूंचे खांदे भरून येत, पदर चिंब होई, आणि आतून काका संपादकीय वाचता वाचता ओरडत, "डावा कोपरा राहिला!" या बाईने एवढ्या वर्षांत एकही बादली काकांच्या डोक्यावर ओतली नाही, हा तिचा मोठेपणा. मी असतो तर तिसऱ्या तंबूलाच ओतली असती.

या दोघांची एकुलती एक लेक. आधीच्या दोन नोकऱ्या तिला धड लाभल्या नव्हत्या. एका ठिकाणी कंपनीच बुडाली आणि दुसऱ्या ठिकाणी साहेबाशी तिचं वाजलं, कारण वाकायचं कसं हे तिला बापाने शिकवलंच नव्हतं. तिसरी नोकरी लागली ती संगीत महोत्सव भरवणाऱ्यांकडे. मोकळ्या माळावर तीन दिवस गाणंबजावणं, आणि ऐकायला येणाऱ्यांनी तिथेच तंबूत राहायचं. राहण्याची सगळी व्यवस्था हिच्या गळ्यात. तंबू कुठून आणायचे असं मॅनेजरबाईंनी विचारलं तेव्हा ती पटकन बोलून गेली की माझ्या बाबांसारखे तंबू कुणी शिवत नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, ठीक आहे, तुझ्या भरवशावर.

एकशे ऐंशी तंबू! काकांना आभाळ ठेंगणं झालं. तीन महिने मशीन थांबलं नाही. काकूंनी एकदा भीत भीत विचारलं, अहो, भर उन्हाळ्यात पाऊस कुठून यायचा? त्यावर काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या बादली घेऊन निमूट अंगणात गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यापेक्षा तंबूवर ओतलेलं बरं, असा त्यांनी विचार केला असावा.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी काका स्वतः ट्रकबरोबर माळावर हजर झाले. तंबू उभारायचाही त्यांचा नियम होता: वाऱ्याकडे पाठ. वारा ज्या दिशेने येतो तिकडे तंबूची बिनदाराची बाजू, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. काकांनी मूठभर माती हवेत सोडून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि संध्याकाळपर्यंत नऊ रांगांत एकशे ऐंशी तंबू वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. दोरी लावून बघा, एक खुंटी इकडची तिकडे नाही. काका रांगांमधून फिरले, इथे दोर ताणला, तिथे कापडावर थाप मारली, आणि लेकीला म्हणाले की आता पूर आला तरी तुझी माणसं कोरडी राहतील. ती हसली. मग पहिल्या तंबूकडे एकदा वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं आली, सामान टाकलं आणि गाणं ऐकायला पळाली. रात्री माळावर बरा गारवा होता, लोक छान झोपले. काका ट्रकच्या टपावर झोपले, कारण सामानाची राखण. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग सूर्य उगवला.

आठ वाजता पहिल्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ बनियनवर बाहेर आले आणि तंबूकडे वळून बघत उभे राहिले, घरातून कुणी हाकलून दिल्यासारखे. साडेआठला रांगा रिकाम्या झाल्या. नऊ वाजता तंबूत ठेवलेल्या मेणबत्त्यांनी माना टाकल्या. दहा वाजता एका बाईंनी पिशवीतून चॉकलेट काढलं तर ते त्यांना पिऊन टाकावं लागलं. माळावर झाडं तीन, आणि त्यांच्या सावलीत बोट ठेवायला जागा नाही. काही जण स्टेजखाली शिरले, तिथे डोक्यावर ढोल बडवले जात होते तरी घोरू लागले. पाण्याच्या टँकरच्या सावलीला पंधराएक माणसं ओळीने आडवी पडली होती आणि सावली सरकेल तसतशी अख्खी ओळ लोळत सरकत होती. एक बासरीवाला आइस्क्रीमच्या गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन बसला आणि गाडीवाल्याने उठ म्हटलं की तो बासरी वाजवायला लागे. बिचारा गाडीवाला रसिक निघाला.

काका हे सगळं बघत होते आणि त्यांच्या मते लोक नाजूक झाले होते. पंख्याखाली वाढलेली पिढी, तिला ऊन कसं सोसणार? माझ्या तंबूत गारवाच असतो, मी स्वतः बसून बघितलंय, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. तेवढ्यात एक व्हायोलिनवाली तिचं वाद्य दोन्ही हातांवर घेऊन आली. तंबूत ठेवलं होतं, उष्णतेने सरस सुटून कडेची सांध उकलली होती. काकांनी ती सांध बोटाने तपासली आणि शिवण चांगली नव्हती असा निकाल दिला. तिने त्यांच्याकडे जे पाहिलं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

बाराच्या सुमाराला गोष्ट हसण्यावारी नेण्याची राहिली नाही. एक ढोलवादक कपडे बदलायला तंबूत गेला तो बाहेर येईना. लोकांनी पाय धरून ओढून काढला तेव्हा त्याची शुद्ध हरपली होती. महोत्सवाच्या डॉक्टरांनी त्याला सावलीत घेतलं, अंगावर पाणी मारलं, बर्फ लावला, आणि थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टर मॅनेजरबाईंकडे गेले आणि म्हणाले की दुपारी या तंबूंत कुणी पाऊल टाकायचं नाही.

मॅनेजरबाईंनी लेकीला बोलावलं. त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. तंबूंवर पाणी मारता येणार नाही, टँकर एकच आहे आणि तो पिण्यासाठी आहे. संध्याकाळपर्यंत तंबू राहण्यासारखे कर, नाहीतर कॅम्प बंद करून माणसं घरी पाठवायची, आणि पुढच्या महोत्सवाला व्यवस्था दुसरं कुणीतरी बघेल. एवढंच बोलून त्या फोनला लागल्या.

लेक तशीच उन्हातून ट्रककडे आली. तिने बापाला सगळं सांगितलं, ढोलवाल्यापासून नोकरीपर्यंत, काही न वगळता. मग म्हणाली की बाबा, मागच्या बाजूला खिडक्या पाडू या, वारा तिकडूनच येतोय.

तंबूला भोक! काकांच्या कानशिलांवर शीर उडायला लागली. भोक असलेल्या तंबूला तंबू म्हणत नाहीत, चाळण म्हणतात. तो ढोलवाला न जेवता गेला असेल, डॉक्टर कालचं पोर आहे, आणि तुमच्या मॅनेजरबाईंना कापडातलं काय कळतं? बोलता बोलता त्यांना चेव आला. त्यांनी ट्रकमधून कालचं वर्तमानपत्र उचललं आणि जाहीर केलं की सतरा नंबरच्या तंबूत मी एक तास बसतो, दार लावून. मग बघू कोण खरं ते. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण सांगणार कोण?

दुपारचे दोन वाजलेले. बातमी माळभर झाली. टँकरच्या सावलीतली ओळ उठून बसली, बासरीवाला आला, डॉक्टर पिशवी घेऊन धावत आले. काका कुणाकडे न बघता आत शिरले, मांडी घातली, पेपर उघडला. आणि ते दाराची दोरी ओढणार तोच लेक वाकून आत आली, समोर बसली आणि तिनेच आतून दोरी बांधली.

"तू कशाला?" काका म्हणाले.

"हे तंबू चांगले आहेत असं मी सांगितलंय. तुम्ही बसणार तर मीही बसणार."

"ऊठ. बाहेर हो."

ती उठली नाही. काकांनी पेपर तोंडासमोर धरला. पहिल्या मिनिटाला मथळा वाचला, दुसऱ्या मिनिटाला तोच मथळा परत वाचला, आणि तिसऱ्या मिनिटाला घामाची धार डोळ्यांत उतरून मथळाच दिसेनासा झाला. बत्तीस वर्षं शिवलेल्या कापडाचा, मेणाचा वास घशात बसला. बाहेर वारा सुटलेला ऐकू येत होता, मागच्या कापडावर आपटून परत जात होता, आणि आत वाऱ्याचा मागमूस नव्हता. काकांना चांगलंच कळून चुकलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे ते बसून राहिले. एवढी माणसं बाहेर उभी होती ना.

"घरी असं होत नाही," ते पेपरामागून पुटपुटले. "घरी गार असतं."

"बाबा," लेक म्हणाली, "घरी तुम्ही तंबूत असता तेव्हा आई वरून वीस बादल्या पाणी ओतत असते."

पेपर खाली आला. बत्तीस वर्षांत काकांना हे एकदाही सुचलं नव्हतं. सुचावं कसं? ते नेहमी आतच असायचे. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावर घाम मात्र दिसत नव्हता. ओठ कोरडे पडले होते. लहानपणी ताप चढला की ती अशीच गप्प, टक लावून बघायची, आणि काका मशीन बंद करून तिच्या उशाशी बसायचे.

"सकाळपासून पाणी प्यायलीस?"

"वेळ कुठे होता?"

काकांनी दाराची दोरी ओढली. तिने ती बापाच्याच पद्धतीने बांधली होती, घट्ट, दुहेरी गाठ, घामेजल्या बोटांना काही दाद देईना. मग त्यांनी कमरेची कात्री काढली, जिला आजवर न आखलेल्या कापडाला हात लावायची मुभा नव्हती, आणि दोर कचकन कापला. सव्वाआठ मिनिटं झाली होती. पुढे काका ती पाऊण तास म्हणून सांगत, आणि डॉक्टर ओळखीचे झाल्यावरही त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही.

लेकीला स्टेजच्या सावलीत नेलं. डॉक्टरांनी ओल्या फडक्याने तिचं तोंड, मान पुसली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. काका बाजूला उभे राहून टोपीने वारा घालत होते, आणि इतक्या जोराने की डॉक्टरांनी त्यांना दोनदा मागे सरायला सांगितलं. अर्ध्या तासाने तिच्या चेहऱ्याची लाली उतरली, कपाळाला घाम फुटला आणि डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही. तेव्हा कुठे काका खाली बसले.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"परवाच. पहिला तंबू उभा राहिला तेव्हा मी आत जाऊन आले होते."

"मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी जायची वेळ आली."

तिने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही इतके खुशीत फिरत होतात रांगांमधून. माझ्याच्याने बोलवलं नाही."

बाजारातल्या एवढ्या लोकांनी काकांना शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला होता आणि त्या सगळ्यांना ते पुरून उरले होते. इथे कुणी काही शिकवतही नव्हतं. आपली खुशी मोडू नये म्हणून पोरीने नोकरी पणाला लावली, हे मात्र थेट आत गेलं, शिवण-बिवण काही आड आली नाही. डोळे पुसायला त्यांनी घामाचं निमित्त केलं.

मग ते उठले आणि सतरा नंबरच्या तंबूमागे जाऊन उभे राहिले. उन्हं कलायला लागली होती. लेक डोक्याला ओलं फडकं बांधून हळूहळू मागोमाग आली. मॅनेजरबाई लांबून बघत होत्या. काकांनी खिशातून खडू काढला, कापडापर्यंत नेला, आणि थांबले. या कापडावर काकांशिवाय कुणी कधी रेघ मारली नव्हती. काकूंनीसुद्धा नाही.

त्यांनी खडू लेकीच्या हातात दिला. "खिडकी कुठे पाडायची ते तू आख," ते म्हणाले. "मला कळत नाही यातलं."

तिने आखली. तिला आखायची सवय नव्हती, रेघ मध्येच बाकदार झाली आणि एका कोपऱ्यात चांगली दोन बोटं खाली उतरली. तिने पुसायला हात पुढे केला, पण काकांनी तिला थांबवलं आणि ती रेघ होती तश्शी, बाकासकट कापली.