चांगुणाची तीनचाकी

देवळाली प्रवऱ्याच्या चांगुणाचे पाय लहानपणीच तापात लुळे पडले. शेजारची मैत्रीण मुक्ता तिला पाठुंगळी घेऊन बाजारात न्यायची आणि वाटभर दोघींच्या गप्पा रंगायच्या. बाहत्तर साली चांगुणाला सरकारकडून हातानं चालवायची तीनचाकी मिळाली.

"आमी धडधाकट मानसं पायी चालतो, अन् हिला फुकटात गाडी!" पारावरची माणसं तिला ऐकू जाईल असं बोलू लागली.

बाजारच्या दिवशी चांगुणानं मुक्ताला हाक मारली, "येती का गं?"

"सरकार हाय की तुला आता!" म्हणत मुक्ता पुढं निघून गेली.

परतताना कालव्याच्या पुलाचा चढ लागला. मागून कुणीतरी हात लावील म्हणून चांगुणा थांबली. ओळखीची माणसं बाजूनं गेली. शेवटी ओठ आवळून तिनं एकटीनंच दांडा फिरवायला घेतला.