खांबेटे उभे राहतात

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या मराठी माणसाला फुटबॉलमध्ये कुठल्या टीमचा म्हणून विचारलं, तर तो आर्सेनल म्हणतो, लिव्हरपूल म्हणतो, नाहीतर "आपलं क्रिकेट बरं" म्हणून विषय संपवतो. मुरलीधर खांबेटे यातलं काहीच म्हणत नाहीत. "कोरियातली एक टीम आहे," असं म्हणून ते नाव सांगतात. समोरचा "अच्छा" म्हणतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच विचारतो. त्यामुळे ते नाव मी इथे देण्यात अर्थ नाही. खांबेट्यांच्या सख्ख्या जावयाच्याही ते लक्षात राहिलेलं नाही.

मंडळाच्या गणपतीत अनिशने एकदा खोदून विचारलं. अनिश तिशीतला, आयटीतला आणि आर्सेनलचा.

"मालक कोण काका त्यांचा? कुणी शेख वगैरे?"

"महानगरपालिका."

"म्हणजे?"

"म्हणजे ते शहरच. शहराने स्वतःचा क्लब काढलाय. महापौर त्याचा अध्यक्ष. बजेटमध्ये रस्ते, गटारं, दिवाबत्ती आणि सेंटर फॉरवर्ड."

"मग तुम्ही तिथे कौन्सिल टॅक्स भरता का?"

सगळे हसले. खांबेटेही हसले. हा विनोद दर गणपतीत होतो आणि खांबेटे दर वर्षी नव्याने हसतात. मोदकाला कुणी "हे काय, मागच्या वर्षीचंच" म्हणतं का?

गंमत अशी, की ज्या शहरासाठी हा माणूस जीव टाकतो, ते शहर त्याने आजतागायत पाहिलेलं नाही. फार वर्षांपूर्वी पुण्यातल्या कंपनीने त्यांना काही महिन्यांसाठी कोरियात पाठवलं होतं, तेही भलत्याच शहरात. तिथे ते एकटे आणि शाकाहारी. "मांस नको" म्हटलं की हॉटेलवाली बाई प्रेमाने वाडग्यातले तुकडे वेचून काढायची आणि तोच रस्सा परत पुढे ठेवायची. अशा दिवसांत ऑफिसात कुणीतरी मॅचचं तिकीट दिलं. स्टेडियमच्या एका अंगाला ढोल, झेंडे, आरडाओरडा. समोरच्या कोपऱ्यात मात्र ऐसपैस रिकाम्या खुर्च्या. पाय पसरून बसता येईल अशी जागा दिसल्यावर पुण्याचा माणूस आणखी चौकशी करत नाही. खांबेटे तिथे जाऊन बसले. तो कोपरा पाहुण्या टीमच्या पाठीराख्यांचा होता. पाठीराखे म्हणजे एक ढोलवाला, दोन म्हातारे, मोरपंखी मफलर घातलेली एक मुलगी आणि आता खांबेटे.

पाहुणी टीम सपाटून हरली. शिट्टी वाजली, खांबेटे पिशवी उचलून निघणार, तेवढ्यात हरलेले अकरा जण अख्खं मैदान ओलांडून त्या कोपऱ्यासमोर आले, एका रांगेत उभे राहिले आणि कमरेतून खाली वाकले. तिथे ही रीतच आहे. जिंका नाहीतर हरा, आपल्यासाठी आलेल्यांसमोर वाकायचं. पण हे खांबेट्यांना कुठे माहीत? रांगेच्या बरोबर समोर तेच होते. आता कुणी वाकून नमस्कार केला आणि आपण नुसतेच बसून राहिलो, असं कसं चालेल? ते उभे राहिले आणि हात जोडले. त्या अनोळखी हातांकडे बघून गोलकीपर पुन्हा वाकला. खांबेट्यांनी पुन्हा हात जोडले. लाईट गेले नसते तर दोघं अजून तिथेच असते.

"एवढे गोल खाऊन आलेला माणूस मला नमस्कार करतो," खांबेटे सांगतात. "माझा काही संबंध होता का? पण मग झाला ना."

पुढे नोकरी स्लाऊला आली. ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामाच्या मालाची सिस्टीम ते सांभाळतात. मॅच इंटरनेटवर दिसू लागल्या. शेवटी रांग वाकली की खांबेटे टीव्हीसमोर उभे राहून हात जोडायचे आणि स्वयंपाकघरातून मधुमतीवहिनी ओरडायच्या, "झाली का आरती?"

दोन वर्षांपूर्वी ग्लासगोला पूर्वीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बाळ झालं. पूर्वी डॉक्टर, जावई डॉक्टर, दोघांच्या शिफ्ट. वहिनी तीन महिन्यांसाठी गेल्या. तिथले तीन महिने अजून संपायचे आहेत. नातीच्या, सियाच्या, आड कुठला आजोबा येणार? खांबेटे कुरकुरले नाहीत. फक्त मॅच संपली की हात जोडून झाल्यावर ते जरा थांबतात. स्वयंपाकघरातून काही येत नाही. मग बसतात.

यंदा टीमची अवस्था वाईट होती. शेवटची मॅच हरली तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि नव्या महापौरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की खालच्या डिव्हिजनसाठी पालिकेने पैसे का द्यावेत, याचा विचार करावा लागेल. कदाचित शेवटचीच मॅच. ती एकट्याने बघायची नाही, एवढं खांबेट्यांनी ठरवलं. शेजारी कुणीतरी असावं. आर्सेनलचा का असेना.

पंचाईत वेळेची होती. तिथे रविवारी दुपारी दोन, म्हणजे इथे डिसेंबरातले पहाटेचे पाच. आमच्या मंडळाची दिवाळी पहाट सकाळी अकराला सुरू होते, तीही लोक आले तर. तरी खांबेट्यांनी ग्रुपवर टाकलं, "रविवार, पहाटे पाच, माझ्या घरी. पोहे आहेत." अंगठे भरपूर आले. अनिशने लिहिलं, "काका, डेफिनेटली ट्राय करतो." इथे याचा अर्थ काय होतो, ते खांबेट्यांनाही ठाऊक होतं. मी स्वतः तेव्हा केंब्रिजला भावाकडे होतो. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

त्यांनी आठ जणांचे पोहे केले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या टीव्हीसमोर आणून मांडल्या. बेल वाजली तर शेजारची म्हातारी उठेल, म्हणून पुढचं दार नुसतं लोटून ठेवलं. त्या फटीतून डिसेंबर तेवढा आत आला. टीमचा मोरपंखी मफलर तसाही गळ्यात होता, तो उपयोगी पडला.

मॅच बरोबरीत चालली होती. बरोबरीवर निभावलं असतं. अगदी शेवटी आपल्या एका खेळाडूचा हात बॉलला लागला, पेनल्टीवर गोल बसला आणि शहराची टीम खाली गेली. पोरं गवतावर बसली. मग एकेक उठून कोपऱ्याकडे चालू लागली. खांबेटे उभे राहिले. आणि नेमकं तेव्हाच प्रक्षेपण तुटलं आणि वॉशिंग मशीनची जाहिरात लागली.

आता आली का पंचाईत. एरवी रांग सरळ झाली की हात सोडायचे, बसायचं. आज पोरं वाकली कधी, सरळ झाली कधी, सांगणार कोण? वाकली असणार, हे नक्की. खांबेटे वॉशिंग मशीनसमोर हात जोडून उभे राहिले. मागे सात रिकाम्या खुर्च्या.

फोन वाजला.

"अहो, बसा आता."

"तू? इतक्या लवकर?"

"सियाच्या दाढा येतायत. पहाटेपासून मांडीवर घेऊन बसलेय. काही केल्या गप्प बसेना, म्हणून तुमचं ते लावलं मोबाईलवर. बघत बसली बाई. तुमचा गोलकीपर बरा आहे हो. बाकीचे नुसते पळतात."

"पूर्ण बघितलीस?"

"मग काय करते? ठेवणार का आता टीम ते महापौर?"

"बघू म्हणालेत."

"हं."

"तू कधी येतेस?"

"बघू," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कोण कोण आलंय?"

"आलेत ना. चार-पाच जण."

"आवाज नाही येत कुणाचा."

"पोहे खातायत."

सियाचं मुसमुसणं फोनच्या जवळ आलं.

"लिंबू दिलंत का त्यांना?"

"देतो."

फोन ठेवून खांबेट्यांनी दार लावून घेतलं. मग फ्रिजमधून एक लिंबू काढलं आणि आठ फोडी केल्या.