जपान्याचा शेवटचा सामना

आमच्या वाडीत फुटबॉल कुणी खेळत नाही, पण त्या जपानी खेळाडूला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. माझ्या धाकट्या भावानं लावलेलं खूळ ते! टोमॅटोच्या क्रेटवर लोक आपलं नाव रंगवतात, आमच्या पठ्ठ्यानं त्याचं रंगवलं. नारायणगावच्या बाजारात हमाल ओरडायचे, "जपान्याची गाडी आली राव, घ्या खाली!" मढची आत्या तर विचारायची, "त्याचं लगीन झालं का रं?" मला नुसता संताप यायचा. भाऊ एका पोरीचा बाप झाला, तरी ह्याचं पोरपण सरेना.

गेल्या साली तो खेळाडू निवृत्त झाला. शेवटचा सामना आपल्याकडच्या वेळेनं भर दुपारी होता. भावाचा मोबाइल फुटलेला, म्हणून त्यानं माझा मागितला. "दादा, दोन तास दे की. तूबी बस संगं." तोडणी चाललेली, व्यापाऱ्याचा फोन यायचा होता. मी खेकसलो, "तू जित्ता हाईस का मेलास, त्या जपान्याला कळतं तरी का?"

तो नुसता हसला. मित्राकडं बघतो म्हणून मोटरसायकल काढून नारायणगावला निघाला. वारूळवाडीच्या अलीकडं ट्रकनं उडवलं.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला. चुलते म्हणाले, "पोरीला आमी शिकवू." भावजय म्हणाली, "सासूबाईंना अंतर देणार न्हाई." कावळे बाभळीवरनं हलेनात.

मला ठाऊक होतं काय राहिलंय ते. तो सामना मी मोबाइलमध्ये उतरवून आणला होता, खिशातच होता. पिंडापुढं धरायचा आणि म्हणायचं, बघ बाबा, मीबी बसलोय संगं. पण एवढे सोयरेधायरे जमलेले. दहाव्याला फुटबॉल लावला म्हणून तोंडात शेण घालतील, या भीतीनं माझा हात खिशातच राहिला. ऊन चढलं, तशी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक जेवायला उठले.

पुढं एकट्यानं तो सामना पाहिला. शेवटी अख्खं मैदान उभं राहून त्या जपान्यासाठी रडतं. त्या गर्दीत, मागच्या रांगेत, मला भाऊ दिसतो. दर वेळी दिसतो. मी थांबवून बघतो, तर दुसराच कुणीतरी असतो.

आई मात्र स्वतःलाच खातेय. तिला वाटतं, त्याचं काही खायचं राहिलं. रोज सकाळी पत्र्यावर कावळ्यांना नवं काही ठेवते. कधी मासवडी, कधी शेंगोळी. काल खाली उतरून माझ्याशेजारी बसली, म्हणाली, "तू कायम त्याच्यासंगं असायचा. त्याला काय हवं व्हतं, तुला तरी ठावं असंल की रं?"

मी म्हणालो, "न्हाई गं, आई."