सुजाताचं मशरूम आणि माझ्या आठ ट्यूब

“दादा, परत नुसते देठच यायला लागलेत,” माझी गिऱ्हाईक सुजाता फोनवर म्हणाली. मी इस्लामपुरात एका दवाखान्याचा पंखा धरून स्टुलावर उभा होतो. म्हणजे आता कवठे महांकाळला तिच्याकडं तिसरी फेरी. गुडघे तिथंच कुरकुरले. माझ्या कार्डावर ‘लाइटिंग कन्सल्टंट’ छापलंय. बायको अजून वायरमनच म्हणते.

सुजातानं घरामागच्या खोलीत धिंगरी मशरूम लावलं होतं. भुसा भरलेल्या पिशव्या, म्हणजे बेड, रॅकवर ओळीनं. पहिला बहर सांगलीच्या हॉटेलनं परत पाठवला. देठ बोटभर लांब आणि वर छत्री शर्टाच्या बटणाएवढी. दिराला ती खोली ठिबकच्या पाइपांसाठी हवी होती. घरात ठरलं, दुसरा बहर हॉटेलनं घेतला तर खोली सुजाताची, नाहीतर रिकामी करायची.

लोकांना वाटतं, मशरूमला अंधारच लागतो. ते अर्धंच खरं. पिशवीत बुरशी पसरेपर्यंत अंधार चालतो. कोंब फुटले की उजेड हवा. झाडासारखं ते उजेडावर अन्न करत नाही, पण छत्री नीट उघडायला त्याला उजेड लागतो. पेपर वाचता येईल एवढा, दिवसाचे दहा-बारा तास. हवा कोंडली तरीही देठच वाढतात.

एवढं ज्ञान असल्यामुळं पहिल्या फेरीत मी सहा ट्यूब बसवल्या. बहर परत आल्यावर दोन वाढवल्या आणि एक्झॉस्ट फॅन लावला. दोन्ही वेळा उजेड मोजायचं मीटर फिरवलं. आकडा चोख. या तिसऱ्या फेरीत मला काही सुचत नव्हतं. सुजाता सकाळी बालवाडीत शिकवायला निघाली, तेव्हा म्हटलं, “तू जा. मी आज इथंच बसतो.” आणि पोत्याला टेकून डुलकी काढली.

खट्‌ असा आवाज झाला. आठही ट्यूब गेल्या. डोळे उघडले तर दारात सुजाताची सासू.

“मावशी, लाइट का घालवली?”

“आवं वायरमन, तुमी हितंच हाय व्हय? ती गेली की मी घालवतीच. सांजंला यायच्या आदी परत लावती. पोरीचं मन कशाला मोडायचं?”

“पण घालवायची कशाला?”

“घटाला कवा ट्यूब लावत्यात व्हय? अंधारात धान कसं पिवळंधमक, उंच येतंय! ह्ये बी बगा, लय उंच आल्यात.”

नवरात्रात देवापुढं मातीत धान्य पेरतात. कोंब जेवढे उंच, तेवढी घरात बरकत. सून हरू नये म्हणून ती माउली रोज बटण बंद करत होती, आणि मी ट्यूब वाढवत होतो.

“मावशी, घटातलं धान आपण खात नाही. हे लोकांना खायचंय,” मी म्हणालो. तिनं एक देठ तोडला, चुलीवर तेलात परतला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

“चामडंच की रं ह्ये!” तिनं स्वतः जाऊन ट्यूब लावल्या. “सुजीला सांगू नगा.”

मी बॅगेतून टायमर काढला. ठरल्या वेळी तो आपोआप लाइट लावतो-घालवतो.

“त्यो कशाला? मी हाय की!”

जास्त उंच झालेले कोंब वाया गेले. मागून फुटलेले तळहाताएवढे पसरले. हॉटेलनं तेवढे ठेवून घेतले आणि पुढचे सांगून ठेवले. दिराचे पाइप अजून अंगणातच आहेत. सुजाता सगळ्यांना सांगते, दादांच्या एक्झॉस्टनं काम केलं. मी नाही म्हणत नाही.

तेव्हापासून कुठंही गेलो की मीटर बॅगेतच ठेवतो. आधी विचारतो, दिवसभर घरात कोण असतं?