वैशालीची पाटी

नेपानगरच्या मैदानावर वैशाली खो-खो खेळायला उतरली की आम्ही बाकीच्या नुसत्या धापा टाकायचो. राज्याच्या संघात गेली, गुडघा गेला, महिनाभर रडली आणि मग बुऱ्हाणपुरात येऊन केळीचे चिप्स तळायला लागली. आज तिचा कारखाना आहे आणि हातात आलेला पैसा ती बायकांच्या धंद्यात घालते. मी अलका, तिची तेव्हापासूनची मैत्रीण. तिची बडबड ऐकणं हे माझं जुनं दुखणं.

तिच्या तऱ्हा काही कमी नाहीत. एखादीच्या धंद्यात पैसे घालायचं ठरलं की मागून तिच्या पाठीत थाप मारते आणि ओरडते, "खो!" खो मिळाला की उठून पळायचं, बसून राहता येत नाही. शिवाय दुकानाच्या पाटीवर नाव बाईचंच हवं. बायका राबतात आणि पाटी मुलाच्या नावाने रंगवतात, याचा तिला भारी संताप.

मागच्या महिन्यात कौशल्या आली. ती दराबा करते. रवा, तूप, साखर घोटघोटून केलेला हा आमच्या गावचा गोड पदार्थ. तिच्या हातचा खाल्ला की दुसरा घशाखाली उतरत नाही. नवऱ्याचा पॉवरलूम बंद, घर तिच्यावर. चौकातला गाळा मिळत होता, पण वैशालीने पैसे घातले तरच. सगळं जमलं आणि कौशल्या म्हणाली, "नाव 'रोहित दराबा' ठेवू. पोराचं नाव हाय."

"मग मी पैसे घालत नाही." वैशाली एकदा अडली की अडली.

कौशल्या दारापर्यंत गेली आणि वळली. "ताई, तुमच्या फाटकावर तर 'विनायक चिप्स' लिहेल हाय. ते कोन?"

विनायक म्हणजे तिचे वडील. पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून तिला मैदानावर नेणारे. धंद्याच्या सुरुवातीला केळीचे व्यापारी पोरीशी बोलायलाही तयार नव्हते, म्हणून तिने त्यांचं नाव लावलं. ते गेले, नाव राहिलं. वैशाली उठून फाटकाबाहेर गेली आणि स्वतःचीच पाटी वाचून आली. खोटं कशाला बोलू, मला जरा मजाच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने पेंटर बोलावला आणि कौशल्यालाही. पेंटर शिडीवर चढला. पाटीवर आधी केळीचा घड रंगवलेला, मग वडिलांचं नाव. "मॅडम, नाम मिटा दूँ?"

वैशालीने शिडी धरून ठेवली. डोळे भरले होते. आता मात्र माझी मजा पार ओसरली.

मागे उभ्या कौशल्याने पदर खोचला आणि तिच्या पाठीत सणसणीत थाप मारली. "खो! बाबांचं नाव कायले पुसता, ताई? तो आगेवाला केळीचा घड पुसा अन् तिथं तुमचं लिहा."

घड पुसला. पाटी झाली 'वैशाली विनायक चिप्स', शाळेच्या हजेरीत पुकारायचे तशी. वैशाली भर रस्त्यात रडली, मीही रडले.

कौशल्याने मात्र पेंटरला शिडी उचलू दिली नाही. "थांबा भाऊ, चौकातबी एक पाटी हाय. लिहा, 'कौशल्या दराबा'."