त्रेपन्न नंबरचा बिल्ला

"वाक की! कंबर मोडली काय तुझी?"

मुकादमाने पत्र्याच्या बिल्ल्यांचा डबा सिमेंटच्या चिखलात उपडा केला होता. रोज सकाळी गेटवर हेच. आमी बाया वाकून वेचायचो, तो दात काढून बघायचा.

मी दांडी गावची. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम चाललेलं. तिथे ठेकेदाराकडे घमेली वाहायची. संध्याकाळी बिल्ला डब्यात परत, सकाळी हाताला लागेल तो गळ्यात. आज बासष्ट, उद्या एकशे चाळीस. नाव कुठेच लिहिलेलं नाय.

युनियनचे फॉर्म सावंतमामांनी भरले. मामा घाटावरचे, कायम नोकरीतले फिटर. म्हणाले, "ताई, नंबर सांगा." त्या दिवशी गळ्यात होता तो सांगितला. भरायला चार दिवस लागले. तोवर एकच नंबर चौघींच्या गळ्यात फिरतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाय, मेलं!

फॉर्म घेऊन आमी ठेकेदाराच्या साहेबाकडे गेलो. त्याने ते सगळ्यांदेखत वाचले.

"एकशे चाळीस नंबरच्या चार बाया? वा!" मग माझ्याकडे बोट केलं. "तुझा नंबर काय गं?"

मी मान खाली घालून गळ्यातला बिल्ला बघितला. त्रेपन्न. फॉर्मवर एकशे चाळीस.

"स्वतःचा नंबर ठाऊक नाही, आणि हिला युनियन पाहिजे!" कारकून खो खो हसले. साहेबाने फॉर्म मामांच्या अंगावर भिरकावले. "ही कामगार नाहीत. येणारी-जाणारी माणसं आहेत."

बाहेर आल्यावर मामाच आमच्यावर उखडले. "तुम्ही बायांनी घात केलात."

माझं टाळकंच फिरलं. "मामा, तुमचा नंबर कायमचा हाय. आमचा रोज चिखलातून उचलायचा. तुमी कदी इचारलंत?"

मामा फॉर्म काखेत मारून चालू लागले.

संध्याकाळी गेटवर मुकादमाने डबा पुढे केला.

"टाक."

"नाय टाकत. या नंबरापुढे आदी माजं नाव लिवा."

"उद्या काम नाही तुला."

मागे वळून बघितलं. खण्ण, खण्ण. बाया एकेक करून बिल्ले डब्यात टाकत होत्या. माझ्या सख्ख्या जावेनेही टाकला, माझ्याकडे न बघता. संताप संताप झाला. तिचा राग आला, माझा त्याहून जास्त, कारण इतकी वर्षं मीही टाकतच होते. न टाकणाऱ्या आमी तिघीच उरलो.

दुसऱ्या दिवशी गेले, त्या दोघीही संगतीला. मुकादमाने डबा उपडा केला, आमी तिघी सोडून सगळ्या वाकल्या. मी ताठ उभी. बिल्ला माझ्या गळ्यात होता.

"कशाला आलीस?" त्याने विचारलं.

"नाव लिवून घ्यायला. आज नाय लिवलंस तर उद्या येईन. पण आता वाकणार नाय."