धूरवैद्य

"मग ऐकलंस कशाला माझं?" आमचे हे ओरडले, तेव्हा मी भिंतीअलीकडे चादरीची घडी घालत होते. घडी अर्धीच राहिली.

दोघे भाऊ मोटरसायकलवरून भांडत होते. गाडी यांची आणि मेकॅनिक धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर. गाडी निळा धूर सोडायची. भाऊजींनी आधीच सांगितलं होतं, "पहिल्या किकला भपकारा येतो, मग थांबतो. आत व्हॉल्व्हचं रबर गेलंय." यांचं म्हणणं, पिस्टनच्या रिंगाच गेल्या. थोरल्याचा शब्द म्हणून भाऊजींनी इंजिन खोललं, रिंगा बदलल्या. धूर तसाच राहिला आणि त्यात भर म्हणून खालून तेल गळायला लागलं.

"मी रबरच म्हटलं होतं, दादा."

"म्हटलं होतंस, पण केलंस काय? तुझ्या हाताला यशच नाही."

झालं. त्या दिवसापासून भाऊजींनी कुणाचंच इंजिन खोललं नाही. दुकान चालू ठेवलं, पण नाडी इथं आणि औषध दुसरीकडे. गाडीमागे उकिडवे बसायचे, धूर हुंगायचे. काळा असला तर म्हणायचे, "पेट्रोल जास्त पितेय, हवेची जाळी साफ करा." सकाळच्या गारठ्यात पांढरा आला तर, "वाफ आहे, घरी जा." निळा दिसला की समोरच्या गॅरेजकडे बोट. लोक त्यांना धूरवैद्य म्हणायला लागले. जाऊबाई म्हणायच्या, "जगाचा धूर कळतो यांना. घरात दूध करपलं तर नाक नसतं."

भाऊ एकमेकांशी बोलायचे, पण औषधाच्या गोळ्यांबद्दल, नाहीतर पाण्याच्या टाकीबद्दल. गाडीखाली पत्र्याचं ताट ठेवलेलं असायचं, त्यात तेल टपकायचं. अशी एकोणीस वर्षं गेली. मग हे गेले. माणसं आली, बसली, गेली. मी रडले नाही, भाऊजीही रडले नाहीत. दोघांनी मिळून खुर्च्या परत केल्या.

आठ महिन्यांनी लेक म्हणाली, गाडी भंगारात देऊया. मी भाऊजींना बोलावलं. "द्यायची की ठेवायची, एवढंच सांगा."

त्यांनी इंजिन चिंधीनं कोरडं पुसलं. "वहिनी, अंगाला लावायची पावडर आहे?"

"आता म्हातारीला नटवता की काय?"

ते हसले नाहीत. इंजिनभर पावडर शिंपडली आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्यावर एक ओली काळी रेघ उमटली. ती खालून नव्हे, अगदी वरच्या झाकणापासून निघाली होती. भाऊजींनी झाकण सोडवलं. आतलं रबरी कडं चपटं, चिरलेलं.

"गळतं वरून, दिसतं खाली," ते म्हणाले. "हे जुनं कडं तेव्हा मीच परत बसवलं. रागात होतो. नवीन खिशात होतं."

मी पावडरच्या डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे दादाचं खोटं नव्हतं. हात चुकला होता."

"एकदा चुकला. एकोणीस वर्षं झाकून ठेवून सुधारला का? खोला आता."

"वहिनी, चुकला म्हणतोय मी."

"ऐकलं. बहिरी नाही अजून."

त्यांनी पाना उचलला. मग त्यांनी इंजिन खोललं. दोन दिवस लागले. व्हॉल्व्हचं रबर नवीन, कडं नवीन. तिसऱ्या दिवशी सकाळी किक मारली. आम्ही दोघं गाडीमागे उभे राहून धूर यायचा त्या जागेकडे बघत राहिलो. तिथं काहीच आलं नाही.

"रबरच होतं," भाऊजी म्हणाले.

"हो."

माझ्या आत काहीतरी हलेल म्हणून मी थांबले. नाही हललं. ऊन चढायला लागलं, तशी कपडे वाळत घालायला गेले.

त्यानंतर ते परत इंजिनं खोलायला लागले. फार नाही, आठवड्याला एक. चार महिने केलं आणि एका दुपारी दुकानातच बसल्या बसल्या गेले.

त्या सकाळी ते शिंप्याच्या गाडीचं गॅस्केट आणायला गेले होते. इंजिनाच्या दोन भागांमधला तो पातळ पत्रा. दुकानदारानं पिशवी दिली, ती भाऊजींनी घेतली नाही. पत्रा दुमडतो म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून चालत आणला. उजेडाकडे धरून कडा तपासल्या, टेबलावर सपाट ठेवला, उडू नये म्हणून वर पाना ठेवला आणि हात धुवायला गेले.